सात : व्यस्त नाही

सिप्पर गावात शात-अय्या
ओल्या मातीवर बोरू टेकवते.
वडी तळहाताएवढी. वाळायच्या आत पाठ उतरवायचा :

दोनाला तीस.
तिनाला वीस.
चाराला पंधरा, पाचाला बारा,
सहाला दहा.

जोडी गुणली की साठ, आणि साठ म्हणजे पुन्हा एक,
काठोकाठ भरलेलं माप.
भागायचं असं काही तिथे नसतंच.
जव वाटायचे तर माणसांच्या आकड्याचा जोडीदार शोधायचा
आणि गुणायचं.

सहानंतर हात थांबतो.

सात आठे छप्पन्न. उरले चार.
चाराचे साठपट दोनशे चाळीस,
त्यात चौतीस वेळा सात. उरले दोन.
दोनाचे एकशेवीस, सतरा वेळा. उरला एक.
एकाचे साठ. पुन्हा आठ, पुन्हा चार.
आठ, चौतीस, सतरा, आठ, चौतीस, सतरा...
वडीची पुढची बाजू संपते, मागची संपते,
ती कडेवर लिहू लागते.

वराद-कुबी मास्तर वाकून बघतात.
तोंडाला कांद्याचा वास.
अंगठा पाण्यात बुडवून कड पुसतात.
‘लिही. सात : व्यस्त नाही.’
‘नाही कसा? येतोय की. संपत नाही एवढंच.’
‘मातीत मावत नाही तो नाही. पुढे चल. आठाला साडेसात.’

(साडेसात आठाला. साडेसाती मात्र साताच्या कपाळी.)

आपल्याकडेही पावकी, निमकी, दिडकी घोकून घेत.
सातव्या हिश्शाची ‘-की’ कुणी पाठ केलेली
मला तरी माहीत नाही.
आणि व्यस्त नाही म्हणजे
आपल्या बोलण्यात रिकामाच,
कधीही हाक मारा, घरीच असतो.

*

त्याच मुलखात, उत्तरेला, किर्कुकच्या जुन्या बाजारात
जब्बारचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
वीज गेलेली. गल्लीत जनरेटरचा धूर.
त्याची लेक रगद उद्याच्या पेपरचं शेवटचं उदाहरण सोडवतेय :
साठाच्या चक्रात सातचा व्यस्त काढा.

समोर काच काढलेलं भिंतीवरचं घड्याळ,
गिऱ्हाईक अकरा वर्षांत फिरकलेलं नाही.
ती मिनिटकाटा बोटाने ढकलते, सात-सात घरं.
छप्पन्न. मग तीन. मग दहा.
कंटाळून वही ओढते.

सात आठे छप्पन्न. उरले चार.
(हे चार ओळखीचे. ते तिला ठाऊक नाही.)
पण ती चाराला फुगवत नाही,
साताला चारापुढे उभं करते : उरले तीन.
चाराला तिनापुढे : उरला एक.
आता आल्या पायऱ्यांनी वर. एक म्हणजे चारातून तीन,
तीन म्हणजे सातातून चार,
चार म्हणजे साठातून आठ साती...
पेन्सिल तुटते. बाप न बघता ब्लेड पुढे करतो.
उत्तर : सतरा उड्या मागे.
म्हणजेच त्रेचाळीस पुढे.

ती मोजून बघते, ओठ हलवत.
पाच फेरे पूर्ण, आणि काटा
बरोबर एकावर.

मग सहज दोनाने.
दोन, चार, सहा, अठ्ठावन्न, साठ, दोन.
एकावर पाऊल पडतच नाही.
तीन, पाच, त्यांचंही तेच.
मातीत ज्यांचे संसार भाजून पक्के झाले
ते सगळे इथे एकटे.

‘काटे उलटे नको फिरवू,’ जब्बार म्हणतो, ‘दात झिजतात.’
‘सुलटेच फिरवले. त्रेचाळीस वेळा.’
‘बारावर आणून ठेव. चुकून आला माणूस तर?’

ती ऐकून घेते.
काटा एकावरच राहू देते,
एवढंच, एक मिनिट पुढे,
आणि ब्लेड कागदात गुंडाळून परत देते.